पंडिता रमाबाईंचा दुसरा शोध

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत एकानें मोठ्यानें वाचावें व बाकीच्यांनीं हातांतलें काम करीत ऐकावें, हा जुना प्रघात अजून मोडलेला नाहीं. गेल्या महिन्यांत पंडिता रमाबाईंनीं १९०७ सालीं इंग्रजींत लिहिलेली आपल्या धार्मिक अनुभवाची हकीकत मीं वाचावयास घेतली होती. एकेक परिच्छेद वाचावा व त्याचें मराठी सांगावें, असा क्रम चालला होता. थोरल्या काकू समईच्या वाती वळीत बसल्या होत्या. चातुर्मासाचे नेम, एकादश्या, लाखोल्या, उद्यापनें, यांत लग्न होऊन या घरांत आल्यापासून त्यांचा खंड म्हणून पडलेला नाहीं. त्या बराच वेळ कांहींच बोलल्या नाहींत. शेवटीं म्हणाल्या, "अरे, इतकें सारें केलेलें जमेस धरायचें नाहीं, आणि नुसत्या विश्वासावर सोडवायचें, म्हणजे त्या देवाच्या घरीं वहीखातें नाहीं कीं काय?"

कॉलेजांत जाणारीं मुलें हंसलीं. मला मात्र हंसूं आलें नाहीं. काकूंनीं वाती वळतांना जो प्रश्न विचारला, तोच युरोपांतील मोठमोठ्या पंडितांनीं शतकानुशतकें विचारला आहे, आणि त्याच्या उत्तरावरून तेथील राज्येंच्या राज्यें दुभंगलीं आहेत. तेव्हां या महिन्याचें सदर त्या प्रश्नालाच द्यावें असें ठरविलें.

ख्रिस्ती परंपरेंतील हा विचार थोडक्यांत सांगावयाचा तर असा: मनुष्य आपल्या सत्कृत्यांच्या बळावर ईश्वरापुढें निर्दोष ठरूं शकत नाहीं, क्षमा ही कमवावयाची वस्तु नसून स्वीकारावयाची वस्तु आहे, आणि ख्रिस्तानें क्रुसावर जें सोसलें तें आपल्याकरितां, असें मानून सगळा भार त्याच्यावर टाकणें, एवढेंच माणसाकडे उरतें. पौलानें रोम शहरांतील ख्रिस्ती मंडळीला जें पत्र लिहिलें, त्यांत हा विचार सर्वांत विस्तारानें आला आहे. आपल्याकडील ख्रिस्ती लोक या सुटकेला सहसा 'मोक्ष' म्हणत नाहींत, 'तारण' म्हणतात. भेद नुसत्या शब्दाचा नाहीं. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटणें; तारण म्हणजे बुडणाऱ्याला वर काढणें. गंमत अशी कीं, सावकारीच्या भाषेंत 'तारण' याचा अर्थ कर्जापोटीं ऋणकोनें ठेवलेला जिन्नस असा होतो, आणि प्रस्तुत विचारांत नेमकी उलट स्थिति आहे. येथें ऋणकोजवळ ठेवावयास कांहींच नाहीं, ही पहिली अट.

आतां रमाबाईंकडे वळूं, कारण ही अट त्यांच्याइतकी पारखून दुसऱ्या कोणा मराठी माणसानें पाहिली असेल असें मला वाटत नाहीं.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या घाटांतील गंगामूळच्या अरण्यांत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीला संस्कृत शिकविलें म्हणून शिष्टांचा रोष ओढवून घेतला होता. मुलगी कांहीं महिन्यांची असतांनाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालें, तें कायमचें. देवळांत पुराण सांगावें, जें पुढ्यांत पडेल त्यांतून निर्वाह करावा व उरलेलें दानधर्मांत घालावें, असा वर्षानुवर्षें क्रम. व्रतें झालीं, अनुष्ठानें झालीं, नद्यांचीं स्नानें झालीं. पुण्य जोडण्याचा शास्त्रांत सांगितलेला एकही मार्ग या माणसांनीं सोडला नाहीं. पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. भांडींकुंडीं विकलीं गेलीं. हातांनीं कष्टाचें काम करणें ठाऊक नव्हतें, आणि भीक मागणें कुलाला शोभत नव्हतें. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढून वडील १८७४ मध्यें गेले. पाठोपाठ आईही गेली. आईचें प्रेत उचलावयास माणसें मिळेनात. दोन ब्राह्मण मोठ्या मिनतवारीनें आले, तिसरा भाऊ, चौथ्या खांद्याला सोळा वर्षांची रमा. ती ठेंगणी असल्यामुळें तिरडी खांद्यावर येईना, म्हणून तिनें आपली बाजू डोक्यावर घेतली व स्मशान गांठलें. हें वाचीत असतां काकूंचे हात थांबले होते, तें मीं पाहिलें.

भाऊ व बहीण त्यानंतरही पायीं फिरत राहिलीं. परंतु दोघांच्याही मनांतून हा हिशेब उठला. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या पंडितांनीं परीक्षा घेऊन रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, आणि पडद्यांतील स्त्रियांना स्त्रीधर्म सांगण्याची विनंति केली. त्यासाठीं धर्मशास्त्राचे ग्रंथ त्यांनीं नव्यानें चाळले. एरव्हीं प्रत्येक बाबतींत परस्परविरुद्ध बोलणारे ते ग्रंथ एका गोष्टींत त्यांना एकमतानें बोलतांना आढळले: स्त्रीला स्वतःच्या अधिकारानें मोक्ष नाहीं, पतिसेवा करावी, व पुढें केव्हां तरी पुरुषजन्म मिळण्याची वाट पाहावी. ज्या मुलीला भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत होते, तिला हें वाचून काय वाटलें असेल, हें वाचकभगिनींना मीं सांगण्याची गरज नाहीं.

येथें एक शंका येते, ती टाळणें बरें नव्हे. आपल्या संतांनीं तर स्त्रीला, शूद्राला, कोणालाही नामाचें द्वार उघडें ठेवलें होतें. जनाबाई आहे, कान्होपात्रा आहे, बहिणाबाई आहे. मग रमाबाईंना पंढरीची वाट कां दिसली नाहीं? मला वाटतें, त्यांचें बालपण महाराष्ट्राबाहेर, कानडी व तामिळ मुलुखांत, आणि संस्कृताच्या सहवासांत गेलें, हें त्याचें एक कारण असावें. नारायण वामन टिळक १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले, ते तुकारामाच्या पुलावरून आपण पलीकडे आलों असें सांगत. रमाबाईंना असा पूल लाभला नाहीं. त्यांच्यापुढें एका कांठाला शास्त्र होतें, आणि मध्यें नुसता प्रवाह.

पुढील हकीकत बहुतेकांस माहीत आहे. १८८० मध्यें बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह, दोन वर्षांच्या आंत वैधव्य, पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी, १८८२ मध्यें पुण्यास आर्य महिला समाजाची स्थापना, आणि १८८३ मध्यें विलायत. तेथें वाँटेज येथील जोगिणींच्या आश्रमांत असतांना, लंडनजवळ फुलहॅम येथें पतित स्त्रियांकरितां या भगिनींनीं चालविलेलें घर त्यांनीं पाहिलें. अशा स्त्रियांवर कोणी माया करतें, हें त्यांनीं प्रथमच पाहिलें. शोमरोनी स्त्रीशीं विहिरीवर बोलणाऱ्या ख्रिस्ताची गोष्ट त्याच सुमारास त्यांच्या वाचनांत आली. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांनीं तात्त्विक शंका बऱ्याच फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथें चरित्रकार प्रकरण संपवितात. गोष्ट मात्र येथूनच सुरू होते. कारण रमाबाईंनीं पुढें स्वतःच नमूद करून ठेवलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानीं आलें, आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला आहे, ख्रिस्त सांपडलेला नाहीं!

मधल्या आठ वर्षांत त्या काय करीत होत्या? वाद घालीत होत्या. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन व चेल्टनमच्या मिस बील यांच्याशीं त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्यें महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला आहे. तो जिज्ञासूंनीं अवश्य पाहावा. त्रैक्याच्या सिद्धांतावर या विधवा ब्राह्मणीनें घेतलेले आक्षेप वाचतांना तर्कशास्त्राच्या पाठशाळेंत बसल्यासारखें वाटतें. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, इथपर्यंत त्या भांडल्या. मग त्या अमेरिकेस गेल्या, तीन वर्षें व्याख्यानें देऊन पैसा उभारला, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें. म्हणजे पहा: विद्वत्ता होती, सेवा होती, त्याग होता, कीर्ति होती. बापानें पुराणोक्त पुण्याची वही भरली होती, लेकीनें ख्रिस्ती पुण्याची. वही बदलली, हिशेब तोच!

हिंदुस्थानांत परतल्यावर बायबलाविषयींचीं पुस्तकें बाजूस ठेवून खुद्द बायबल त्या नेमानें वाचूं लागल्या. दोनएक वर्षें अशीं गेलीं आणि समाधान वाढण्याऐवजीं बेचैनीच वाढली. अशा मनःस्थितींत मुंबईच्या 'बाँबे गार्डियन' छापखान्यांत कांहीं कामासाठीं गेल्या असतां तेथें पडलेलें एक पुस्तक त्यांनीं सहज उचललें. विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचें तें आत्मवृत्त होतें.

या हॅस्लमची गोष्ट मोठी मौजेची आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला कॉर्नवॉल प्रांत; तेथें बाल्डू या खाणकामगारांच्या वस्तीचा हा पाळक. देवळाची बांधणी, उपासनेचा थाट, विधींची शुद्धता यांचा त्याला मोठा नाद. त्याच्या बागेंतला माळी क्षयानें अंथरुणाला खिळला आणि दुसऱ्या पंथाच्या लोकांच्या उपदेशानें एकाएकीं शांत व आनंदी होऊन गेला. पाळकसाहेबांना याचा विषाद वाटला. एवढें आपण शिकविलें तें फुकट! रॉबर्ट एटकेन नांवाच्या स्नेह्यापुढें त्यांनीं गाऱ्हाणें मांडलें, तेव्हां त्यानें तोंडावर सांगितलें कीं, माळ्याचें काय झालें आहे हें तुला समजत नाहीं, कारण तुझें स्वतःचें तें अजून झालेलेंच नाहीं. पुढच्या रविवारीं, १९ ऑक्टोबर १८५१ रोजीं, हॅस्लम खिन्न होऊन व्यासपीठावर चढला. प्रार्थना आटोपून लोकांना घरीं पाठवावें असा बेत होता. पण त्या दिवसाच्या पाठांत, ख्रिस्ताविषयीं तुमचें काय मत आहे, असा परूशांना केलेला प्रश्न आला. त्यावर दोन शब्द बोलतां बोलतां त्याच्या लक्षांत आलें कीं, हे नेमधर्म पाळणारे, हिशेबी परूशी म्हणजे आपणच. त्याचा स्वरच बदलला. श्रोत्यांत बसलेला एक खेडवळ उपदेशक हात वर करून ओरडला कीं, पाळकाचाच पालट झाला! आपल्याच प्रवचनानें पालटलेला प्रवचनकार म्हणून हा गृहस्थ पुढें प्रसिद्धीस आला.

एटकेन हा कांहीं काळ वेस्लीपंथीयांच्या सभागृहांतून उपदेश करीत असे, आणि तो धागा धरून मागें गेलें म्हणजे आपण जॉन वेस्लीपाशीं येतों. ऑक्सफर्डचा हा विद्वान फेलो आठवड्यांतून दोन उपास करी, तुरुंगांत जाऊन कैद्यांना धीर देई, मिनिटामिनिटाचा हिशेब रोजनिशींत मांडी. त्याच्या मंडळींच्या या नेमस्तपणाची थट्टा म्हणून लोकांनीं त्यांना 'मेथॉडिस्ट' म्हटलें. १७३६ च्या जानेवारींत अमेरिकेच्या वाटेवर तुफान झालें, शीड फाटलें, पाणी आंत घुसलें. वेस्ली मरणाच्या भयानें गारठला. त्याच गलबतावरील मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक, बायकामुलांसह, भजन गात राहिले. हा प्रसंग त्याच्या मनांत दोन वर्षें सलत होता. २४ मे १७३८ च्या सायंकाळीं, मनांत नसतांना, तो लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहानशा सभेस गेला. तेथें कोणी लूथरची, रोमकरांच्या पत्राला लिहिलेली, प्रस्तावना वाचीत होतें. पावणेनऊच्या सुमारास आपल्या अंतःकरणांत अनोळखी ऊब जाणवली, असें त्यानें रोजनिशींत लिहिलें आहे. आणि ती प्रस्तावना लिहिणारा लूथर तरी कोण? उपास, जागरण व तासन्‌तास पापांचा कबुलीजबाब यांनीं देह झिजवूनही ज्याला शांति लाभली नाहीं, असा एक मठवासी यति.

या मालिकेकडे मी मुद्दाम लक्ष वेधीत आहें. यांतला एकही मनुष्य भोळा नाहीं. लूथर वेदान्ती अध्यापक, वेस्ली ऑक्सफर्डचा, हॅस्लम कर्मठ पाळक, रमाबाई सरस्वती. 'साधा विश्वास' हा साध्या माणसांचा सोपा मार्ग आहे, ज्यांना अधिक झेपत नाहीं त्यांनीं तो धरावा, असा आपल्या सुशिक्षितांत एक समज आहे. तो अगदीं उलटा आहे. हॅस्लमच्या माळ्याला तो आजारपणाच्या अंथरुणावर साधला; धन्याला वर्षें लागलीं. ज्याची वही कोरी आहे त्याला ती ठेवून देणें जड जात नाहीं. जिच्या पानापानावर आपल्या सुंदर अक्षरांत जमा मांडलेली आहे, ती वही मिटणें फार कठीण.

रमाबाईंनीं ती १८९१ च्या सुमारास मिटली. नवीन असें कांहीं त्यांना कळलें नव्हतें. मतें तींच होतीं, ग्रंथ तोच होता. आतांपर्यंत ज्याच्याविषयीं वाद घातला त्याच्या हातांत त्यांनीं स्वतःला दिलें, एवढेंच. आपल्याकडील वैष्णवांत मर्कटकिशोर व मार्जारकिशोर असे दोन न्याय सांगतात: माकडाचें पिलूं आईला घट्ट धरून बसतें, मांजरीच्या पिलाला आईच तोंडांत धरून नेते. तेंकलै वैष्णवांनीं दुसरा न्याय मानला. रमाबाईंची स्थिति मला त्या दुसऱ्या पिलासारखी दिसते. फरक इतकाच कीं, हें पिलूं आठ वर्षें आपल्याच पायांनीं चालत होतें.

याचे परिणाम लौकिकांत सुखाचे झाले नाहींत. शारदासदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता पाळण्याचें वचन होतें. रमाबाई आपल्या खोलींत मुलीसह प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि सदनांतल्या मुली येऊन बसत. दार लावून घ्यावें असें हितचिंतकांचें म्हणणें. तें लावणार नाहीं असा बाईंचा आग्रह. 'केसरी'नें टीकेची झोड उठविली, आणि १८९३ मध्यें रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. ज्या आईबापांनीं वचनावर भिस्त ठेवून मुली पाठविल्या, त्यांची तक्रार खोटी होती असें मला म्हणवत नाहीं. पण जें सांपडलें म्हणून जीव वांचला असें एखाद्याला वाटतें, तें त्यानें दाराआड लपवावें, हीही अपेक्षा सोपी नव्हे.

काकूंच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. वहीच नाहीं म्हटल्यावर माणसानें हातपाय हलवावेत तरी कशाला? ही शंका पौलानें त्याच पत्रांत स्वतःच काढून ठेवली आहे, आणि ती कधीं मिटलेली नाहीं. कृपा स्वस्त करून टाकणाऱ्यांवर जर्मन पंडित बोनहोफर यानें १९३७ मध्यें एक कठोर ग्रंथ लिहिला, आणि १९४५ मध्यें हिटलरच्या राजवटीनें त्याला फांसावर चढविलें. रोमन कॅथॉलिक व लूथरपंथीय यांनीं विश्वास व सत्कर्म यांच्या संबंधावरून साडेचारशें वर्षांहून अधिक काळ भांडून, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं ऑग्सबर्ग येथें एक समाईक निवेदन मान्य केलें. २००६ मध्यें मेथॉडिस्टही त्यांत सामील झाले. सत्कर्म हें तारणाचें मूल्य नव्हे, त्याचें फळ आहे, असा त्याचा मथितार्थ. निवेदनांपेक्षां मला माणसांच्या आयुष्यांतला पुरावा अधिक पटतो. वेस्ली त्या मे महिन्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षें, बहुतेक घोड्यावर बसून, गांवोगांव हिंडला.

आणि रमाबाई? १८९६ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याचें कानीं येतांच त्या तिकडे धांवल्या. पाला खाऊन राहिलेल्या मुलीला दुष्काळाची ओळख करून द्यावी लागत नव्हती. त्यांनीं शेंकडों मुली केडगांवला आणल्या. 'मुक्ति' हें त्या वसतीचें नांव. आंधळ्यांना वाचावयास शिकविलें, मुलींना विणकाम, शेती, छापखाना शिकविला. स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल त्यांनीं मराठींत आणलें. तें खेड्यांतल्या अशिक्षित बाईलाही कळावें म्हणून जन्मभराचें संस्कृत आवरून साधी भाषा लिहिली. १९२१ मध्यें एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच त्यांचा अंत झाला.

हें सगळें मीं काकूंना दुसऱ्या रात्रीं सांगितलें. त्यांना पटलें असें मी म्हणणार नाहीं. त्यांच्या एकादश्या चालूच आहेत, आणि त्या सोडाव्या असें मला सुचवावयाचेंही नाहीं. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आयुष्यभर बापानें जोडलें, आणि शेवटीं पोरीला आईची तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. मग तिनें वही मिटली तर नवल काय? तेवढें पुन्हां वाच."

मीं पान उलटून तो परिच्छेद काढला. या खेपेस मुलें हंसलीं नाहींत.